उबाळे बाईंचा रिकामा रकाना

"एकाच दिवशी चौदाशे बारा बाळंतपणं!" अधीक्षक गिरीधर कारखानीस पडद्यावर बोट आपटत म्हणाले. "त्या दिवशी सुइणींचे काय हाल झाले असतील, दाभाडे, जरा विचार करा."

छायानगरच्या पृच्छा-कक्षात तिघेच होते आणि आपल्या विनोदावर एकटे कारखानीसच हसले. वामनराव दाभाडे शहराचे सनदपाल. शहराच्या सनदेतलं अक्षरही कोणी इकडचं तिकडे करू नये म्हणून सभेने नेमलेला हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस ऐकून घ्यायचा आणि कमी बोलायचा. यंत्रासमोर बसलेली यामिनी रणखांबे ही पृच्छाकार. यंत्राला प्रश्न विचारायचे, म्हणजेच पृच्छा लिहायच्या, हे तिचं काम. ती हसली नाही, कारण पडद्यावरच्या चौदाशे बारा ओळींत एक ओळ तिची होती.

आता हे छायानगर काय प्रकरण होतं ते सांगतो. बालाघाटच्या पठारावर एक्केचाळीस हजार वस्तीचं शहर आणि त्याच्यावर ताणलेलं उष्मछत्र. इसवी सन २०९४ मध्ये होळी ते मृग या काळात छत्राबाहेर पारा चोपन्नावर जायचा. सकाळी बाहेर पडलेला माणूस दुपार बघायचा नाही. म्हणून होळीच्या संध्याकाळी शहराच्या वेशी बंद व्हायच्या त्या थेट मृगाला उघडायच्या. वेशी बंद असताना कोणालाही बाहेर काढायचं नाही, असं सनदेत स्वच्छ लिहिलं होतं. आत सात शीतविहिरी जमिनीच्या पोटातला गारवा वर खेचून शहर सव्वीस अंशांवर ठेवत. यंदा त्यांतली एक आटली. कारखानीसांनी हिशेब करून सभेला सांगितलं की उरलेल्या सहा विहिरींवर एकोणचाळीस हजार सहाशे माणसं राहू शकतात, चौदाशे जास्त होतात. आणि काय योगायोग बघा, लगेच चौदाशे बारा 'खोटे' रहिवासी सापडलेसुद्धा!

"पण हे खोटे आहेत हे यंत्राला कसं कळलं?" दाभाड्यांनी विचारलं. "मला सरळ भाषेत सांगा. मी सही करणार आहे."

कारखानीसांनी यामिनीकडे मान हलवली. ती खुर्ची वळवून बसली.

"दाभाडे साहेब, आपल्याकडे एक रहिवासी सारणी आहे. प्रत्येक माणसाची एक ओळ. नाव, कागदावरची जन्मतारीख, आणि रक्तांक, म्हणजे रक्तावरून पडलेला ओळखीचा आकडा. दुसरी रक्तघड्याळाची सारणी. रक्ताच्या थेंबावरून माणूस कधी जन्मला ते आता दोन-चार दिवसांच्या फरकाने कळतं. या दोन सारण्यांचा सांधा करायचा. जुने लोक त्याला जॉइन म्हणायचे. दोन्ही शेजारी ठेवायच्या. एकीतला रक्तांक आणि तारीख दुसरीतल्या रक्तांकाशी आणि तारखेशी जुळली, की दोघींची मिळून एक ओळ होते आणि ती प्रमाण सारणीत, म्हणजे खऱ्या रहिवाशांच्या यादीत, जाते. नाही जुळली, तर जात नाही."

"म्हणजे यंत्र हाकलतं?"

"हाकलत नाही हो. नुसतं घेत नाही. गळालेल्याची कुठे नोंदही राहत नाही. मग साहेबांनी गळालेल्यांना मूळ सारणीतून हुडकून दिवस-महिन्याप्रमाणे क्रमवारी लावायला सांगितली, आणि हे सगळे एकाखाली एक आले. एक जून, एक जून, एक जून."

दाभाडे बराच वेळ वाचत राहिले. साल वेगळं, नाव वेगळं, दिवस तोच. क्रमवारी लावण्याआधी ही माणसं शहरभर विखुरलेली होती, कोणी गवंडी, कोणी परिचारिका. क्रमवारीने त्यांना एका रांगेत उभं केलं आणि ती टोळीसारखी दिसायला लागली.

"आणि ही कोण?" दाभाड्यांनी पूर्ण रहिवासी सारणीचा तळ उघडला होता. सगळ्यांत शेवटी एक ओळ होती. नाव होतं, द्वारका उबाळे. तारखेचा रकाना रिकामा, रक्तांकाचाही रिकामा.

"उबाळे बाई. त्यांनी ना तारीख दिली, ना रक्त. त्यांना कुठे बसवायचं ते यंत्राला कळत नाही, म्हणून तळाला."

"मग त्या गळालेल्यांत कशा नाहीत?"

"त्या मानाच्या रहिवासी आहेत," कारखानीस नाखुशीने म्हणाले. "छत्र उभं राहताना हजेरीपटावर असलेले दोनशे अकरा जण. त्यांची ओळ सनदेनेच प्रमाण सारणीत घातलीय, ती काढता येत नाही. दोनशे दहा जणांनी मागाहून शहाण्यासारखं रक्त दिलं. ह्या बाई तेवढ्या आडमुठ्या!"

ज्यांनी छत्राचे पाये खणले आणि दगड फोडला, ते मात्र ठेकेदाराच्या वहीत होते. हजेरीपटावर नव्हते, म्हणून मानाचे ठरले नाहीत. त्यांचीच पोरं ही एक जूनवाली. कारखानीसांनी हे सांगितलं नाही.

"रिकामा म्हणजे शून्य का?" दाभाड्यांनी विचारलं.

"नाही. शून्य म्हणजे काही नाही हे माहीत आहे. रिकामा म्हणजे माहीतच नाही." यामिनीने आपली मूठ पुढे केली. "माझ्या मुठीत काय आहे तुम्हाला माहीत नाही. साहेबांच्याही मुठीत काय ते माहीत नाही. दोन्हींत एकच वस्तू आहे, असं म्हणाल?"

"कसं म्हणू?"

"बरं, वेगवेगळ्या वस्तू आहेत, असं तरी म्हणाल?"

"तेही नाही म्हणता यायचं."

"यंत्रही तेच म्हणतं. अज्ञाताची कशाशीही तुलना केली की त्याचं उत्तर 'हो' नसतं, 'नाही' नसतं. 'माहीत नाही' असतं."

"आणि यंत्र पक्क्या 'हो'शिवाय ओळ उचलत नाही," कारखानीस खूश होऊन म्हणाले. "संशयाचा फायदा कोणालाच नाही. म्हणून तर आपण कायदे पृच्छेत लिहितो."

हे खरं होतं. छायानगरात कायद्यांवर भांडण मराठीत व्हायचं, पण मंजुरी मिळायची ती एसक्यूएल या एकशेवीस वर्षं जुन्या पृच्छाभाषेतल्या मजकुराला. मराठीतल्या कायद्याचा कीस काढता येतो. पृच्छा एकदा यंत्रापुढे ठेवली की तिचं उत्तर हाच निकाल. मंजूर पृच्छेतला एक स्वल्पविराम जरी बदलायचा झाला, तरी सभेपुढे जाऊन तीस दिवसांची सूचना द्यावी लागे.

कारखानीसांनी निष्कासनाची, म्हणजे माणसं शहराबाहेर काढायची, पृच्छा स्वतःच लिहिली होती; सभा आणि सूचना उरकली होती, मोहोर तेवढी बाकी होती. ती दोन ओळींची होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. त्यांनी ती मोठ्याने मराठीत वाचून दाखवली: "रहिवासी सारणीतली अशी प्रत्येक ओळ उचल, जिचा रक्तांक प्रमाण सारणीतल्या रक्तांकांमध्ये नाही."

यामिनीने ती पडद्यावर पुन्हा वाचली. तिच्या कपाळाला आठी पडली. चौदा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलंच.

"साहेब, वगळणी अशी लिहीत नाहीत. त्यापेक्षा डावा सांधा करून—"

"रणखांबे," कारखानीसांनी तिला तोडलं, "तुमची तारीख कोणती?"

तिने खुर्ची पुन्हा यंत्राकडे वळवली.

"एक जून, नाही का? म्हणजे स्वतःला बाहेर काढणारी पृच्छा तुम्ही मला शिकवणार! तुमच्या डाव्या-उजव्या सांध्यांची मला गरज नाही. सभेच्या प्रत्येक सभासदाला समजेल इतकी सोपी आहे ही. दाभाडे, मोहोर करा."

दाभाड्यांनी मोहोर केली. होळीला नऊ दिवस होते.

दाभाडे गेल्यावर कारखानीसांचा आवाज मऊ झाला. हा आवाज जास्त वाईट.

"तुमची मुलगी रुंजी. चार वर्षांची ना? ती छत्राखाली जन्मली, तिची तारीख मिनिटापर्यंत बरोबर आहे. ती प्रमाण आहे. तुम्ही गेलात तरी तिची सोय शहर करील."

"सोय?" यामिनी खुर्चीतून उठली. "चार वर्षांच्या पोरीची तिच्या आईवाचून सोय?"

"ऐकून तर घ्या. तांत्रिक गरज म्हणून एक सवलत माझ्या हातात आहे. उबाळे बाई तुमच्या शिक्षिका. त्यांच्याकडून दोन गोष्टी आणा. तारखा खोट्या लिहिल्या असा सहीचा जबाब, आणि रक्ताचा एक थेंब. उद्या कोणी म्हणायला नको की मानाच्यांना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा. एवढं केलंत की तुमची ओळ मी प्रमाण करून देतो."

त्यांनी रक्तलेखणी तिच्यापुढे सरकवली. पेनाएवढी वस्तू, बोटाला टेकवली की काम झालं.

उबाळे बाई पूर्व वेशीजवळच्या चाळीत तळमजल्यावर राहत. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू चांगलं येत असे आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. यामिनी गेली तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"ये. बस. आणि ते तोंड तसं करू नकोस, मला सगळं कळलंय," त्या म्हणाल्या. "रुंजीला नाही आणलीस?"

यामिनीने सगळं सांगितलं. जबाब, थेंब, सवलत, रुंजीची सोय. सांगताना तिला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. बाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"खोट्या तारखा म्हणतो का तो? त्याला म्हणावं, ये एकदा माझ्या वर्गात. पत्र्याची शाळा होती छावणीतली. आई पोराला धरून आणायची, डोक्यावर पाटी, अंगभर दगडाचा भुगा. मी विचारायची, कधीचा जन्म? ती सांगायची, 'मुकादमाचा ट्रॅक्टर पलटी झाला ना बाई, त्याच्या आदल्या दिवशी.' दुसरी सांगायची, 'तिसऱ्या खांबाचा पाया भरत होतो, तेव्हा कळा लागल्या.' आता हे मी कुठल्या रकान्यात लिहू, सांग? तारखेचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जायचा नाही. पोर परत खडी फोडायला. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून मी लिहायची एक जून. सहा वर्षांचं वाटलं तर सहा, सातचं वाटलं तर सात वर्षं मागं जायचं. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच केलं, त्यांच्या गुरुजींनीही तेच केलं. तो रकाना मी भरला म्हणून तू आज त्या यंत्रापुढे बसलीस, यामे!"

"मला माहीत आहे, बाई."

"मग? लिहून दे म्हणतेस मी खोटारडी आहे असं?"

यामिनीने रक्तलेखणी पर्समधून काढली, पण बाईंपुढे ठेवली नाही. हातातच धरून बसली. तिला रुंजीच्या केसांचा वास आठवत होता. एक थेंब, आणि त्या दोघी एका घरात. अवघा एक थेंब. तिने लेखणी परत पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"बाई," ती म्हणाली, "देऊ नका. जबाब नको आणि थेंब तर मुळीच नको. कोणी हात जोडले तरी नको."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अगं, मी देणारच नव्हते. तुझं काय पण?"

"माझं बघू."

"बघू काय? पोरीचं काय करशील?"

"बाई, मी तुमच्याकडे शिकलेय. हिशेब कच्चा नाही माझा," यामिनी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज सरळ निघाला.

होळीला दोन दिवस असताना सकाळी अकरा वाजता पृच्छा चालवायची होती. बाहेर चौकात ते चौदाशे बारा जण आणि त्यांची माणसं गठुडी बांधून उभी होती. कोणाचा नवरा प्रमाण, बायको नाही. कोणाची पोरं प्रमाण, दोघं आईबाप नाहीत. सूचना निघेल त्या क्रमाने वेशीतून बाहेर पडायचं होतं. कारखानीसांनी क्रमही लावून ठेवला होता, वयाप्रमाणे, म्हातारे आधी. थकून बसले तर मागच्यांचा खोळंबा नको, असं त्यांचं म्हणणं!

दाभाड्यांनी मोहोर तपासली, अक्षरन् अक्षर जुळवलं. "हीच ती. चालवा."

यामिनीने कळ दाबली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर आलं.

निवडलेल्या ओळी: शून्य.

"परत चालवा," कारखानीस म्हणाले.

शून्य.

"यंत्र बिघडलंय! चौदाशे बारा कुठे गेले?"

"यंत्र ठीक आहे, साहेब," यामिनी म्हणाली. तिचे हात मांडीवर स्थिर होते. "तुम्ही जे विचारलंत, त्याचं ते उत्तर देतंय. तुम्ही विचारलंत, कोणाचा रक्तांक प्रमाण सारणीतल्या रक्तांकांमध्ये नाही? माझी ओळ घ्या. यंत्र माझा रक्तांक एकेका प्रमाण ओळीशी ताडून बघतं. पहिलीशी जुळत नाही. दुसरीशी नाही. असं करत करत ते उबाळे बाईंच्या ओळीशी येतं. तिथे रक्तांकाचा रकाना रिकामा."

दाभाडे खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी स्वतःची मूठ उचलून तिच्याकडे बघितलं.

"थांबा, मला सांगू द्या," ते हळूच म्हणाले. "त्या मुठीत तुमचा रक्तांक असेल का? माहीत नाही. नसेलच का? तेही माहीत नाही. म्हणजे तुम्ही यादीत नाहीच, असं यंत्राला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही."

"बरोबर."

"आणि पक्क्या 'हो'शिवाय ते ओळ उचलत नाही."

"नाही उचलत. माझी नाही, बाहेर उभ्या असलेल्या कोणाचीच नाही. यादीत एक माणूस जरी अज्ञात असेल, तरी ह्या पृच्छेने कोणालाच परका ठरवता येत नाही. मी त्या दिवशी हेच सांगत होते. डावा सांधा केला असता, म्हणजे रहिवासी सारणीतली प्रत्येक ओळ ठेवून बिनजोडीच्या तेवढ्या वेचल्या असत्या, तर ही अडचण आली नसती."

कारखानीसांचा चेहरा लालबुंद झाला. "मग आता करा डावा सांधा! नाहीतर दोन शब्द घाला. रिकामे रकाने सोडून तपास, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे!"

"तीस दिवसांचं," दाभाडे म्हणाले. "सभा, सूचना, मोहोर. परवा वेशी बंद होतात."

"दाभाडे, ही किरकोळ दुरुस्ती आहे!"

"गेल्या आठवड्यात चौदाशे माणसांचे जीव दोन ओळींवर टांगलेत तुम्ही, तेव्हा मी विचारलं नाही की ह्या ओळी कठोर नाहीत का. कायदा अक्षराने चालतो, असं मीच स्वतःला सांगितलं. लाज वाटत होती, तरी मोहोर केली. आता त्याच अक्षराने चालू द्या."

कारखानीस स्वस्थ बसणारे नव्हते. अर्ध्या तासात ते उबाळे बाईंच्या दारात होते. बरोबर दोन पहारेकरी, मागे दाभाडे आणि यामिनी, आणि त्यांच्या मागे निम्मा चौक.

"बाई, एक थेंब. शहराच्या भल्यासाठी."

"शहर म्हणजे कोण हो?" बाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"हे बघा, उरलेल्या विहिरींवर एकोणचाळीस हजार सहाशे माणसंच राहू शकतात. हा विज्ञानाचा प्रश्न आहे."

"किती अंशांवर?"

"काय?"

"अहो, गणित घालताना सगळी माहिती द्यावी. इतकी माणसं राहू शकतात, किती अंशांवर?"

कारखानीसांनी पहारेकऱ्यांकडे पाहिलं. यामिनी बोलली. "सव्वीस अंशांवर, बाई. तीस अंशांवर एक्केचाळीस हजारांच्या एक्केचाळीस हजार राहू शकतात. मी मांडून बघितलंय."

लोकांत कुजबुज सुरू झाली, आणि ती कुजबुज राहिली नाही. चार अंश! माणसं चोपन्न अंशांत ढकलायची, ती आपल्या चार अंशांसाठी! तीस अंशांत तर ह्यांच्या आज्या स्वयंपाक करायच्या, पापड लाटायच्या, दुपारी झोपही काढायच्या.

"हात धरा त्यांचा," कारखानीस पहारेकऱ्यांना म्हणाले. पहारेकरी जागचे हलले नाहीत. त्यांतला एक एक जूनवाला होता.

"हात कोणी धरणार नाही," दाभाडे पुढे झाले. "सनदेचं तिसरं कलम. रक्त ज्याचं त्याचं. मागता येतं, घेता येत नाही. दिलेलं सुद्धा माणूस कधीही परत मागू शकतो."

"ऐकलंत?" बाईंचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी नाही देणार! माझ्या पोरांचं रक्त तुम्हाला खोटं वाटतं, मग माझं कशाला हवंय खरं करायला? मी कोण ते कळल्याशिवाय तुम्हाला ह्यांना परकं म्हणता येत नाही ना? मग नाहीच कळू देत मी कोण ते. मेले तरी नाही."

लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी तरी शिटी मारली. कारखानीस मात्र बुद्धीने कमी नव्हते, आणि राग गिळून ते उभ्या उभ्या विचार करत होते.

"ठीक आहे," ते यामिनीला म्हणाले. "हा उन्हाळा तुमचा. मृगाआधी मी नवी पृच्छा मंजूर करून घेतो. प्रमाण सारणीतले रिकामे रकाने सोडून."

"घ्या. पण साहेब, तिसरं कलम आत्ताच ऐकलंत. आम्ही चौदाशे बारा जण आमचे रक्तांक परत मागणार. मग रिकामे रकाने आमच्या ओळींत असतील. आमची मूठ बंद. ती यादीत नाही असं यंत्राला म्हणता येणार नाही. परत शून्य."

कारखानीस हसले. ते हसणं यामिनीला आवडलं नाही.

"रणखांबे, एका प्रश्नाला मात्र यंत्र पक्कं उत्तर देतं, विसरलात? रकाना रिकामा आहे का? तिथे हो म्हणजे हो. मग माझी पृच्छा आणखी सोपी. ज्यांचा रक्तांक रिकामा, ते बाहेर. तुम्हीच तुमची यादी तयार करून द्याल मला. क्रमवारी लावायचीही गरज नाही."

हे बरोबर होतं आणि यामिनीला ते कळलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिने मान खाली घातली. त्या चपला घालून बाहेर पडल्या आणि त्या दुपारी चाळीमागून चाळ फिरल्या. प्रत्येक दारात काय बोलल्या ते ज्याचं त्याला ठाऊक. यामिनी घरी जाऊन रुंजीला मांडीवर घेऊन बसली, आणि तिने मोठ्या हट्टाने ठरवलं की काही झालं तरी परवा सकाळी आपण रक्तांक परत मागायला जायचं. हरायचं तर तोंड वर करून हरू.

होळीच्या सकाळी रक्तांक-कार्यालयात ती आठ वाजता पोचली. पहिला अर्ज तिने स्वतःचा भरला आणि तिच्या ओळीतला रकाना पडद्यावर रिकामा झाला. मग गल्ल्यामागे बसून ती बाकीच्यांचे अर्ज घ्यायला लागली. एक जूनवाले आले, गवंडी, परिचारिका, बाईंच्या दारातला तो पहारेकरी. नऊ वाजता तीनशे झाले, साडेदहाला हजार. बाराला दहा मिनिटं असताना चौदाशे बारावा अर्ज झाला. यामिनीने पेन खाली ठेवलं. आता यादी तयार झाली होती, कारखानीसांना हवी तशी.

ते दाराशीच उभे होते. "आभारी आहे," ते म्हणाले.

पण रांग संपली नव्हती. चौदाशे तेरावा माणूस पुढे आला आणि त्याने शर्टाची बाही वर केली. रक्त द्यायचं नसून परत घ्यायचं आहे हे लक्षात आल्यावर त्याने ती परत खाली ओढली. ते दाभाडे होते.

"दाभाडे?" कारखानीस पुढे आले. "तुमचं काय काम इथे? तुमची तारीख बरोबर आहे. तुम्ही प्रमाण आहात! तुम्हाला गरज काय?"

"मला गरज नाही, म्हणूनच आलोय," दाभाडे म्हणाले. "गरज असलेले एकटे उभे राहिले, तर ते तुम्हाला ओळखू येतील. आणि खरं सांगू का? परवा तुम्ही माणसं वयाप्रमाणे लावली होती, म्हातारे आधी. पुढच्या साली दुसरी विहीर आटेल, तेव्हा पहिली ओळ माझीच असेल. भीती वाटली मला. रात्रभर वाटली." ते यामिनीकडे वळले. "अर्ज द्या, बाई."

तिने अर्ज दिला. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून तिने डोळे पुसले आणि दाभाड्यांच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. रांग जिना उतरून गेली होती, चौक ओलांडून, पूर्व वेशीपर्यंत. त्यात तिच्या ओळखीचे होते, अनोळखी होते, सभेचे दोन सभासद होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तारखा अगदी बरोबर होत्या.

कारखानीसांनीही ती रांग पाहिली. मग ते तिच्याजवळ आले आणि पहिल्यांदाच विनंतीच्या सुरात म्हणाले, "हे थांबवा. एवढे सगळे रिकामे झाले, तर शहराबाहेर काढायचं कोणाला?"

"माहीत नाही, साहेब," यामिनी म्हणाली. "तुम्ही रांगेत आहात की नाही, तेवढं सांगा. मागे लोक खोळंबलेत."